वाड्याच्या जिन्यावरून कुणी पडलं, तर भरपाई कुणी द्यायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पंचवटीत आजोबांच्या वेळचा दुमजली वाडा, मालकी वडील आणि दोन काका अशी सामाईक, वाटणी झालेली नाही. मागच्या माडीवर जुना भाडेकरू. त्याच्याकडे गॅसचा सिलिंडर पोहोचवायला आलेल्या माणसाच्या पायाखालची जिन्याची फळी निसटली, तो खाली आला आणि पायाचं हाड मोडलं. आता तो दोन लाख मागतोय, नाहीतर पोलिसांत जाईन म्हणतो. भाडेकरू म्हणतो वाडा मालकाचा. धाकटे काका म्हणतात सिलिंडर त्याने मागवला, त्यानेच निस्तरावं. त्यातच सिंहस्थात पुढच्या माडीच्या खोल्या यात्रेकरूंना द्यायचा घरात विचार आहे. म्हणून विचारताय, की ‘येणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर यावे’ अशी पाटी दारावर लावली तर आपण सुटतो का? आणि शेवटी, यात विमा कामी येतो का?

पाटीने सुटत नाही. जिन्याच्या बाबतीत भाडेकरूचं म्हणणं तुमच्या काकांपेक्षा बरंच जास्त बरोबर आहे. पण मागितलेली रक्कम डोळे झाकून द्यायचीही नाही. नाशिकच्या कोर्टात वाडे, मंगल कार्यालयं, लॉन्स, सोसायट्या यांची अशी प्रकरणं मी दोन्ही बाजूंनी चालवली आहेत. मालकाच्या बाजूने उभं राहिलं की पहिला अर्धा तास ‘पण साहेब, त्याने बघून चालायला नको का?’ हेच ऐकावं लागतं. त्याचं उत्तरही पुढे येईल.

इंग्लंडमध्ये जागेच्या ताबेदाराच्या जबाबदारीवर १९५७ साली स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे तसा कायदा नाही. म्हणून बऱ्याच मालकांना वाटतं की कलमच नाही तर जबाबदारी कसली. पण निष्काळजीपणामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते, हा नियम आपली न्यायालयं निवाड्यांतून दीडशे वर्षं लागू करत आली आहेत. जागेच्या बाबतीत त्याचं मूळ ज्या इंग्लिश खटल्यात सापडतं, तो १८६६ चा खटला तुमच्या प्रकरणाच्या चांगलाच जवळचा आहे. साखर शुद्ध करण्याच्या एका कारखान्यात गॅसचं काम बघायला आलेला कारागीर वरच्या मजल्यावरच्या उघड्या भोकातून खाली पडला. माल वर ओढण्यासाठी ते भोक ठेवलेलं होतं, त्याला कठडा नव्हता. कोर्ट म्हणालं, कामानिमित्त आलेल्या माणसाला नेहमीपेक्षा वेगळा असा जो धोका तुम्हाला माहीत आहे किंवा माहीत असायला हवा होता, त्यापासून त्याला वाचवण्याची वाजवी काळजी तुम्ही घ्यायला हवी.

‘माहीत असायला हवा होता’ या शब्दांवर बहुतेक मालक हरतात. फळी कुजलीय हे आम्हाला ठाऊक नव्हतं, असं तुम्ही शपथेवर सांगाल. समोरचा वकील एवढंच विचारेल की जिना शेवटचा कधी तपासला होता, कुणी तपासला होता, त्या सुताराचं नाव काय. सागवानी जिन्याला वाळवी वरून दिसत नाही हे खरं, पण टोकदार हत्याराने टोचून बघितलं की लगेच कळतं. पावसाळ्याआधी एकदा सुताराला बोलावून प्रत्येक पायरी टोचून बघणं ही काही फार मोठी अपेक्षा नाही, आणि कोर्टही तसंच म्हणेल.

आता हा जिना कुणाचा? अशा दाव्यात सातबाऱ्यावर किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव कुणाचं, एवढ्यावर निकाल लागत नाही. त्या जागेवर प्रत्यक्ष ताबा कुणाचा, दुरुस्ती करण्याचा अधिकार आणि संधी कुणाकडे होती, हे बघितलं जातं. भाडेकरूच्या खोलीत त्याने ओल्या मोरीसमोर गुळगुळीत लादी बसवली आणि पाहुणा घसरला, तर ते त्याचं. पण जिना, चौक, दिंडी दरवाजा, ओसरी, वरचं माळवद किंवा कौलं हे सगळं सामाईक. तिथे भाडेकरू खिळा मारायला गेला तर तुम्हीच हरकत घ्याल. त्यामुळे ताबा तुमचा आणि काळजीही तुमची. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्यायोग्य स्थितीत दुरुस्त ठेवणं हे घरमालकाचं काम आहे. मालक करत नसेल तर भाडेकरू किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या वाड्यांची भाडी बघता या एक चतुर्थांशात सुताराची एक दिवसाची मजुरीही सुटत नाही, ही गोष्ट वेगळी.

भाडेकरूने जिन्याबद्दल कधी लेखी काही दिलं होतं का, हे आजच शोधा. पोस्टकार्ड, रजिस्टर एडी, व्हॉट्सॲपचा मेसेज, काहीही. दिलं असेल तर तुमची बाजू पडलीच म्हणून समजा. दिलं नसेल तरी ‘त्याने सांगितलं नाही’ हा पूर्ण बचाव होत नाही. भाडेकरूकडेही थोडी जबाबदारी ढकलता येते, इतकंच. धोक्याचा जिना आहे हे रोज वापरणाऱ्या भाडेकरूला माहीत होतं, तरी खांद्यावर सिलिंडर घेऊन येणाऱ्याला त्याने सावध केलं नाही, असा मुद्दा घेता येतो. मी तो घेईन, पण त्यावर फार विसंबणार नाही.

सामाईक मालकीचं म्हणाल, तर जखमी माणूस तिघांनाही प्रतिवादी करू शकतो, आणि कोर्टाने तिघांवर मिळून हुकूमनामा केला तर पूर्ण रक्कम कुणा एकाकडूनही वसूल करू शकतो. मग त्याने इतरांकडून हिस्सा मागत बसायचं. ज्याचा फ्लॅट, ज्याचा पगार, ज्याची ठेव नाशकात आहे तो आधी सापडतो. म्हणून ‘माझा फक्त तिसरा हिस्सा’ या वाक्यात दम नाही. काकांशी बसून दुरुस्तीचा खर्च, भाड्याची वसुली आणि कुणी लक्ष ठेवायचं, हे एका साध्या स्टॅम्पपेपरवर तरी लिहून घ्या. बाहेरच्या माणसापुढे त्याचा उपयोग नाही, आपापसात होतो.

पोलिसांची भीती दाखवली जातेय, त्याबद्दल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजी कृत्यामुळे दुखापत झाली तर कलम १२५. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत, म्हणून १२५ (ब), तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर कलम १०६ (१), तिथे पाच वर्षांपर्यंत. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये दोनच वर्षं होती, हा फरक मालकांनी लक्षात ठेवावा. पण गुन्ह्यासाठी लागणारा निष्काळजीपणा दिवाणी दाव्यापेक्षा वरच्या पायरीचा असतो. २००५ साली जेकब मॅथ्यू या डॉक्टरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट मांडलं आहे. जिन्याची एक फळी सुटली म्हणून कुणी रातोरात तुरुंगात जात नाही. गुन्हा जामीनपात्र आहे, तडजोडीलाही वाव आहे. पोलिसांकडून बोलावणं आलं तर टाळू नका, वकिलाला बरोबर घेऊन जा आणि जबाब वाचून सही करा.

दिवाणी बाजूला त्याच्याकडे साधारण तीन वर्षं आहेत. तो दगावला असता तर वारसांना १८५५ च्या फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्टखाली मृत्यूपासून दोन वर्षांत दावा लावावा लागला असता. दोन लाख जास्त की कमी हे कसं ठरवायचं? दवाखान्याची आणि औषधांची बिलं, बिनकामाच्या दिवसांची मजुरी, वेदनांसाठी काही रक्कम, आणि कायमचं अपंगत्व राहिलं असेल तर पुढच्या कमाईचं नुकसान. हे शेवटचं मोजायला कोर्टं मोटार अपघाताच्या दाव्यांतला गुणक वापरतात, म्हणजे वयानुसार ठरलेला आकडा, ज्याने वर्षाची कमाई गुणायची. समजा माणूस ३४ वर्षांचा आहे, महिन्याला १८,००० मिळवतो, आणि पाय थोडा आखडल्यामुळे त्याची कमाईची क्षमता १० टक्क्यांनी घटली. वर्षाचे २,१६,०००, त्या वयाला गुणक १६, त्याचे १० टक्के म्हणजे ३,४५,६००. बाकीचे खर्च वेगळे. उलट हाड नीट जुळून तो तीन महिन्यांत पुन्हा सिलिंडर उचलायला लागला असेल तर हा भाग शून्य, आणि सगळं प्रकरण बिलं अधिक तीन महिन्यांची मजुरी अधिक थोडं, एवढ्यावर येतं. म्हणून कायम अपंगत्वाचा दाखला हातात येण्याआधी आकडा कबूल करू नका.

आणखी एक, जे तो तुम्हाला सांगणार नाही. तो गॅस एजन्सीचा कामगार असेल तर कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई एजन्सीकडूनही मिळते. त्यात कुणाची चूक हे बघायचं नसतं. एजन्सीने ती दिली तर ती तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते, तो मार्ग कामगार भरपाईच्या कायद्यात आहेच. पण एकाच नुकसानीचे पैसे दोनदा दोघांकडून, असं होत नाही. तडजोड करताना एजन्सीकडून काय मिळालं याची लेखी माहिती मागा.

‘त्याने बघून चालायला नको का?’ हो, चालायला हवं. त्याची स्वतःची चूक असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. मोबाइलवर बोलत उतरत होता, दिवा असून लावला नाही, कठडा असून धरला नाही, हे सगळं मांडता येतं. पण खांद्यावर भरलेला सिलिंडर घेऊन चढणाऱ्याने प्रत्येक फळी चाचपून पाय ठेवावा, असं कुठलंही कोर्ट म्हणणार नाही. तुमच्या प्रकरणात हा मुद्दा कमजोर आहे.

इथवर वाड्याच्या आतली गोष्ट झाली. मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या रस्त्याकडच्या भिंतीची आणि सज्जाची, ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. आतल्या जागेत ‘वाजवी काळजी घेतली’ हा बचाव असतो. सार्वजनिक रस्त्याला लागून असलेल्या बांधकामाचं तसं नाही. दिल्लीच्या चांदनी चौकात टाउन हॉलसमोरचा घड्याळाचा मनोरा १९५१ साली कोसळून माणसं दगावली. मनोरा सुमारे ऐंशी वर्षांचा होता. तज्ज्ञ साक्षीदाराच्या मते वापरलेला चुना-मसाला बघता वरच्या मजल्याचं आयुष्यच चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं होतं. नगरपालिका म्हणाली, दोष आत दडलेला होता, आम्हाला दिसला नाही. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव फेटाळला. रस्त्याला लागून बांधकाम असलेल्या मालकावर ते सुस्थितीत ठेवण्याची सततची जबाबदारी आहे, दोष दिसणारा असो की दडलेला. असा मनोरा आपोआप पडत नाही, तेव्हा निष्काळजीपणा नव्हता हे मालकाने दाखवायचं.

मनोऱ्याच्या या खटल्याशेजारी १९९७ चा राजकोटचा निवाडा ठेवून बघा. रस्त्याकडेचं झाड पादचाऱ्यावर पडलं, माणूस गेला, तरी सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं नाही. मनोरा माणसाने बांधलेला असतो, त्याचं आयुष्य मोजता येतं. झाड कधी पडेल याचा अंदाज बांधणं तितकं सोपं नाही. पण याचा अर्थ वाड्यामागच्या वाळलेल्या झाडाकडे दुर्लक्ष करावं असा नाही. बुंधा पोकळ दिसत असेल, फांद्या वाळल्या असतील, तर धोका तुम्हाला कळलेला आहे. स्वतःहून तोडलं तर झाडांच्या संरक्षणाच्या १९७५ च्या कायद्याखाली अडकाल. म्हणून मनपाच्या उद्यान विभागात वृक्ष प्राधिकरणाच्या नावाने फोटोसकट अर्ज द्या आणि पोच घ्या. तो पोचेचा शिक्का उद्या लाखमोलाचा ठरू शकतो.

जुन्या नाशकातले आणि पंचवटीतले वाडे पांढरी माती, वीट आणि लाकूड यांच्यावर उभे आहेत. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की घाटाजवळच्या वाड्यांच्या जोत्यात पाणी मुरतं. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की आपण पुलावर बघायला जातो, आपल्या पायाशी काय चाललंय ते बघत नाही. भिंत बहुधा पुरात पडत नाही. पूर ओसरून ऊन पडल्यावर माती आक्रसते, तेव्हा फुगवटा धरते आणि मग पडते. भिंतीला बाहेरच्या अंगाला पोट सुटलंय का, तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे भुसा पडतोय का, दारं अचानक घट्ट लागायला लागलीत का, या खुणा घरातल्या कुणालाही दिसतात. त्या दिसल्या की ‘दडलेला दोष’ असंही म्हणता येत नाही.

मनपा दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पडायला आलेलं बांधकाम दुरुस्त करा, आधार द्या किंवा उतरवा, असा आदेश देता येतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतींनी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून दाखला द्यायचा, हे त्याच कायद्याच्या २६५-अ मध्ये आहे. नोटीस हातात पडल्यावर जर कुणी जखमी झालं तर दिवाणीत काय, फौजदारीतही तुमच्या बाजूने बोलणं अवघड जातं. काही मालक मात्र नोटिशीची वाटच बघत असतात, भाडेकरू आपोआप निघेल म्हणून. त्यांच्यासाठी सांगतो, २०१४ साली शहा रतनसी खिमजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की मनपाने धोकादायक इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. दुरुस्ती मुद्दाम न करता वाडा पडायची वाट बघणाऱ्याला भाडेकरूही सोडत नाही आणि खाली कुणी सापडलं तर कोर्टही.

आता सिंहस्थ. इथे सगळा नूर बदलतो. घरी आलेल्या मावशीकडून आपण पैसे घेत नाही, यात्रेकरूकडून घ्याल. पैसे घेऊन राहायला जागा देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ‘सेवा’ आहे, निवास आणि भोजन व्याख्येतच आहेत. त्यामुळे जिन्यावरून पडलेला यात्रेकरू दिवाणी कोर्टाची वर्षानुवर्षांची वाट न धरता जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो, दोन वर्षांच्या आत. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. दोन रात्रींचं भाडं पाच लाख होत नाही, तेव्हा त्याच्यासाठी तक्रार फुकट. आयोग आणि अपील यांत तुम्ही मात्र दोन वर्षं चकरा मारणार. आपल्या गावी बसून तो ऑनलाइन तक्रार करू शकतो, हेही ध्यानात घ्या.

आणि पाटी? २०१९ साली ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. पाहुण्याने गाडीची चावी हॉटेलच्या माणसाकडे दिली, गाडी चोरीला गेली, आणि पार्किंगच्या टोकनवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं. कोर्टाने म्हटलं, स्वतःच्या निष्काळजीपणातून अशा छापील ओळीने सुटका होत नाही. माणसाच्या हाडांना गाडीपेक्षा कमी किंमत असेल असं मला वाटत नाही. पाटी मात्र लावाच, पण वेगळी. ‘तिसरी पायरी खचली आहे, डावीकडून चढा’, ‘डोकं सांभाळा, चौकट ठेंगणी आहे’, ‘हा सज्जा बंद आहे’. धोका कुठे आहे ते सांगणारी पाटी तुमच्या बाजूचा पुरावा असतो. हात वर करणारी पाटी उलट असं सांगते, की धोका आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. बाहेरून येणारे यात्रेकरू मराठी वाचतीलच असं नाही, म्हणून पाटी हिंदीतही हवी आणि बाणाची खूण हवी.

पाटीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे माणसांची संख्या. ज्या माडीवर चार माणसांचं कुटुंब झोपत आलं, तिथे पर्वणीच्या रात्री सतरंज्या टाकून पंचवीस जण झोपवायचे, हा मोह सगळ्यांना होतो. तुळईला आणि पाटणाला ते वजन नवं असतं. त्यात एकच जिना, खालीच कुणीतरी पेटवलेली शेगडी, आणि दार आतून अडसर लावून बंद. १३ जून १९९७ च्या उपहार सिनेमाच्या आगीत ५९ माणसं दगावली ती अडवलेल्या वाटांमुळे, वाढवलेल्या खुर्च्यांमुळे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने वीस वर्षांवरच्या प्रत्येक मृताच्या वारसांना दहा लाख आणि त्याखालच्यांसाठी साडेसात लाख भरपाई ठरवली. त्या निकालात जागेच्या ताबेदाराची काळजी, बाहेर पडण्याच्या वाटा आणि परवान्याच्या अटी यांवर बरंच काही आहे. खोल्या देण्याआधी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून प्रत्येक माडीवर किती माणसं चालतील हे लेखी घ्या आणि त्याच्या वर एक माणूस घेऊ नका. शिंगाडा तलावाच्या अग्निशमन मुख्यालयात जाऊन तुमच्या वापराला काय लागेल ते विचारून या. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने जिथे आगीची यंत्रणा लागते, तिथे ती चालू असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला मालकाने किंवा ताबेदाराने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचा असतो. औरंगाबाद रोडवरच्या लॉन्सवाल्यांना हे पाठ असतं, वाडेवाल्यांनी नावही ऐकलेलं नसतं.

वाड्याच्या चौकात आड आहे का? बऱ्याच वाड्यांत असतो, वरून फक्त पत्रा टाकलेला. मुलांच्या बाबतीत कायदा मालकाशी जास्त कडक वागतो. १९२२ साली निकाल लागलेल्या एका खटल्यात, ग्लासगोच्या सार्वजनिक बागेत सात वर्षांच्या मुलाने चेरीसारखी दिसणारी विषारी फळं खाल्ली आणि तो दगावला. बाग चालवणाऱ्यांना ‘त्याने खायला नको होती’ असं म्हणून सुटता आलं नाही. जी गोष्ट मुलाला ओढून घेते, ती मालकाने मुलाच्या नजरेने बघायला हवी. आडावर लोखंडी जाळी ठोका, कुलूप लावा. शेतात बंद पडलेली बोअरवेल असेल तर २०१० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे ती तळापासून वर भरून घ्या.

एक प्रश्न लोक कुजबुजत विचारतात, म्हणून तोही घेतो. परवानगीशिवाय घुसलेल्याचं काय? चोरट्याला बैठकीचा गालिचा अंथरायची गरज नाही. पण त्याला इजा व्हावी म्हणून सापळा लावता येत नाही. बिहारमध्ये एकाने आपल्या शौचालयाच्या वाटेवर उघडी वीजवाहक तार लावली, कारण शेजारची माणसं ते वापरत होती. शेजारची बाई तारेला लागून मेली. तो म्हणाला, ती माझ्या जागेत घुसली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली त्याची शिक्षा कायम ठेवली. शेताच्या कुंपणात घरच्या लाइनचा करंट सोडणारे आजही आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच, ती तार आज संध्याकाळीच काढा. कुत्र्याबद्दल थोडक्यात: अंगावर येणारं कुत्रं मोकळं सोडलं आणि ते चावलं तर न्याय संहितेचं कलम २९१ आहे, ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी पुरत नाही.

पुरावा कसा ठेवायचा, यावर मी अशिलांना सतत छळतो. एका लॉन्सच्या मालकाविरुद्ध प्रकरण होतं, स्वयंपाकघराकडच्या बोळात सांडलेल्या पाण्यावरून एक पाहुणी घसरली. त्याच्याकडे दीडशे पानी साधी वही होती. बोळ किती वाजता पुसला, कुणी पुसला, सही. त्या दिवशीची नोंद पडण्याच्या वीस मिनिटं आधीची होती आणि पुसणाऱ्या बाईने साक्षीत तेच सांगितलं. त्या वहीने जे काम केलं ते माझ्या युक्तिवादाने केलं नसतं. तुम्हीही तशी वही घाला. सुतार कधी आला, काय बदललं, किती दिले, इलेक्ट्रिशियनने कोणती वायर काढली, बिल चिकटवा. दर महिन्याला एकदा जिन्याचा, कठड्याचा, रस्त्याकडच्या भिंतीचा फोटो. वही मात्र त्या त्या दिवशीच भरा; एका शाईने, एका बैठकीत भरलेली वही उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येते.

उद्या सकाळी काय करायचं ते सांगतो. जिन्याचे फोटो काढा, टेप लावून, निसटलेली फळी आणि तिची कुजलेली बाजू दिसेल असे. ती फळी जाळू नका, पिशवीत घालून तारीख टाकून ठेवा. मग त्याच दिवशी जिना दुरुस्त करा. ‘दुरुस्त केला तर चूक कबूल केल्यासारखं होईल’ ही समजूत खुळी आहे. दुसरा माणूस पडला तर खरी अडचण होईल. जखमी माणसाला दवाखान्यात भेटायला जा, जमेल ती मदत द्या, पण चेकने द्या आणि सोबत ‘माणुसकीपोटी, कायदेशीर जबाबदारी मान्य न करता’ असं लिहून त्याची सही घ्या. रोख दिलेले दहा हजार नंतर कुणालाच आठवत नाहीत.

रक्कम ठरली की ती चहाच्या टपरीवर कागद करून देऊ नका. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, आणि तिथे झालेला निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही. तडजोडीत तुमचं, दोन्ही काकांचं आणि भाडेकरूचंही नाव घाला, म्हणजे नंतर कुणी वेगळा दावा घेऊन उभं राहणार नाही. एजन्सीचा हक्क असेल तर तिलाही बोलवा.

विम्याचं शेवटी विचारलंत. घराची आग-भूकंपाची पॉलिसी तुमची इमारत आणि सामान सांभाळते, पडलेल्या पाहुण्याला नाही. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाची वेगळी पॉलिसी लागते. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा वेगळा, तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. एजंट दोन्हींची गल्लत करतात. सिंहस्थात खोल्या देणार असाल तर ही पॉलिसी आधी घ्या, आणि प्रस्तावाच्या फॉर्मवर वाड्याचं वय, बांधकामाचा प्रकार आणि मनपाची नोटीस असल्यास ती, खरी लिहा. लपवलं तर दाव्याच्या वेळी कंपनी तेवढंच शोधते. सिलिंडरवाल्याचं प्रकरण घडून गेलंय, ते या पॉलिसीत बसणार नाही.